गायीपासून सूर्यापर्यंत: नेपाळच्या एका फुटीर राजनिष्ठ पक्षाचं प्रकरण

नेपाळमध्ये अजून कागदी मतपत्रिका असते आणि पसंतीच्या चिन्हावर स्वस्तिकाचा शिक्का मारायचा असतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत मकवानपूर जिल्ह्याच्या एक नंबर मतदारसंघात कमल थापा मतदारांना सांगत होते, शिक्का सूर्यावर मारा. सूर्य हे नेपाळ कम्युनिस्ट पक्षाचं (एमाले) चिन्ह. आणि कमल थापा म्हणजे २००६ पासून ‘राजा परत आणा, हिंदू राष्ट्र परत आणा’ या मागणीचा चेहरा, उपपंतप्रधानपद भोगलेले, राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी नेपाल या पक्षाचे अध्यक्ष. ते हरले. हरवणारे दीपकबहादूर सिंह नेपाळी काँग्रेसचे नव्हते आणि माओवादीही नव्हते. राजा आणि हिंदू राष्ट्र याच दोन मागण्या घेऊन उभ्या असलेल्या राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टीचे (राप्रपा) ते उमेदवार होते. त्या पक्षाचे अध्यक्ष वर्षभरापूर्वीपर्यंत स्वतः कमल थापाच होते.

एका राजनिष्ठ हिंदुत्ववादी पक्षाची फुटीर शाखा मूळ पक्षाला गिळते आणि मग तोच पक्ष शाखेच्या नेत्याला बाहेर टाकतो, असं हे प्रकरण आहे. पक्ष कुणाचा, चिन्ह कुणाचं, हे प्रश्न मराठी वाचकाला आता समजावून सांगावे लागत नाहीत. तरी नेपाळची गुंतागुंत थोडी वेगळी आहे, कारण तिथे भांडणाच्या मध्यभागी एक माजी राजा बसला आहे आणि तो बहुतेक वेळ गप्प असतो.

माजी पंचांचं घर

१९६० च्या डिसेंबरात राजा महेंद्रांनी बी. पी. कोइरालांचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, पक्षांवर बंदी घातली आणि ‘पंचायत’ नावाची पक्षविरहित व्यवस्था आणली. ती तीस वर्षं चालली. १९९० च्या जनआंदोलनाने ती मोडली, तेव्हा तीस वर्षं ‘पक्ष वाईट’ असं सांगणाऱ्या मंडळींवर, म्हणजे माजी पंचांवर, स्वतःचा पक्ष काढायची वेळ आली. त्यांनी एक नव्हे, दोन काढले. दोन्हींचं नाव तेच, राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी. ओळख पटावी म्हणून कंसात नेत्याचं नाव: एक (थापा), एक (चंद). सूर्यबहादूर थापा आणि लोकेंद्रबहादूर चंद, दोघेही पंचायत काळातले पंतप्रधान. (हे सूर्यबहादूर वेगळे. कमल थापांशी गल्लत करू नये.)

१९९१ च्या निवडणुकीत चंद गटाला ३ जागा आणि थापा गटाला १. दोघांची मतं मिळवली तर सुमारे १२ टक्के भरत होती. शहाणपण आलं, १९९२ मध्ये पक्ष एक झाला, आणि १९९४ मध्ये त्याच पक्षाने २०५ पैकी २० जागा मिळवल्या, मतं जवळजवळ १८ टक्के. कुणालाच बहुमत नव्हतं, त्यामुळे या वीस जणांचं मोल एकदम वाढलं. १९९७ मध्ये चंद एमालेच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सूर्यबहादूर थापा काँग्रेसच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. एकाच पक्षाचे दोन पंतप्रधान एका वर्षात, एक कम्युनिस्टांच्या खांद्यावर, एक काँग्रेसच्या. १९९८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला यात नवल नाही. १९९९ च्या निवडणुकीत थापांना ११ जागा मिळाल्या. चंद गटाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास मतं खाल्ली आणि जागा मिळवली शून्य. मग परत विलीनीकरण.

इथे एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. या सगळ्या फाटाफुटीत राजाचा काही संबंध नव्हता. राजा सिंहासनावर होता, देश राज्यघटनेनेच हिंदू राष्ट्र होता, आणि पक्षाला त्यासाठी बोटही हलवावं लागत नव्हतं. भांडण होतं ते सत्तेत कुणाबरोबर जायचं आणि खुर्चीत कोण बसायचं, यावर.

२००६: खरी फूट

१ जून २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडानंतर ज्ञानेंद्र राजे झाले. १ फेब्रुवारी २००५ ला त्यांनी सरकार बरखास्त करून सत्ता थेट हातात घेतली. आता मात्र माजी पंचांच्या पक्षाला ठरवावं लागलं की आपण राजाचे की संसदेचे.

पक्षाचे अध्यक्ष तेव्हा पशुपती शमशेर राणा होते. यांच्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. १८४६ ते १९५१ अशी एकशे चार वर्षं राणा घराण्याने नेपाळचे राजे राजवाड्यात शोभेला ठेवले आणि राज्य स्वतः केलं. त्यातले शेवटचे पंतप्रधान मोहन शमशेर हे पशुपती शमशेरांचे आजोबा. १९५० च्या नोव्हेंबरात राजा त्रिभुवन भारतीय दूतावासात आश्रयाला गेले, तेव्हा याच मोहन शमशेरांनी त्रिभुवनांच्या मागे राहिलेल्या तीन वर्षांच्या नातवाला गादीवर बसवलं. तो नातू म्हणजे ज्ञानेंद्र. आजोबांनी ज्याला खेळण्यातला राजा केलं, त्याच्या खऱ्या राजवटीला साथ द्यायची की नाही, हा प्रश्न पंचावन्न वर्षांनी पशुपती शमशेरांपुढे आला. योगायोगच, पण इतका नेमका योगायोग कादंबरीत कुणी घातला असता तर आपण नाक मुरडलं असतं. आणि मराठी वाचकासाठी आणखी एक धागा: पशुपती शमशेरांच्या पत्नी उषाराजे या ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरातल्या, जिवाजीराव आणि विजयाराजे यांची कन्या, माधवराव आणि वसुंधराराजे यांची बहीण. विजयाराजेंची आईही नेपाळच्या राणा कुळातलीच होती.

तर पशुपती शमशेर राजाच्या थेट राजवटीपासून अंतर राखून राहिले. कमल थापा राजाकडे गेले, डिसेंबर २००५ मध्ये गृहमंत्री झाले, आणि जानेवारी २००६ मध्ये पक्ष फुटला. फेब्रुवारीत राजाच्या सरकारने नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या. सात प्रमुख पक्षांनी बहिष्कार टाकला, आणि मतदानाला पाचातला जेमतेम एक मतदार आला. एप्रिलमध्ये जनता रस्त्यावर उतरली. काठमांडूत संचारबंदी, गोळीबार, मृत्यू. त्या एकोणीस दिवसांत गृहखातं कमल थापांकडे होतं. २४ एप्रिलच्या रात्री राजाने संसद पुन्हा बहाल केली. १८ मे रोजी त्या संसदेने राजाचे अधिकार काढून घेतले आणि देश धर्मनिरपेक्ष जाहीर केला. दडपशाहीच्या चौकशीसाठी रायमाझी आयोग नेमला गेला.

या क्षणी कमल थापांचं राजकारण संपलं, असं कुणीही म्हटलं असतं. बाकीच्या माजी पंचांनी वारा ओळखला, मूळ राप्रपाही हळूहळू प्रजासत्ताकाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. थापांनी उलटं केलं. जी बाजू हरली होती तीच उघडपणे धरून ठेवली आणि पक्षाच्या नावात ‘नेपाल’ जोडून वेगळं दुकान मांडलं. हिशेब म्हणून पाहिलं तर हा वेडेपणा नव्हता. प्रजासत्ताकाच्या बाजूला पंचवीस पक्षांची गर्दी होती आणि राजाच्या बाजूला मैदान मोकळं होतं.

२८ मे २००८ ला संविधान सभेने राजसंस्था रद्द केली. ठरावाच्या बाजूने ५६०, विरोधात ४. ते चौघे राप्रपा नेपालचे. मूळ राप्रपा त्या चारांत नव्हती. पक्षाची सगळी पुढची कमाई त्या चार मतांवर झाली, असं मला वाटतं.

चार ते चोवीस

२००८ मध्ये या पक्षाला देशभरात १ लाख १० हजारांच्या आसपास मतं होती, म्हणजे एक टक्का. २०१३ च्या दुसऱ्या संविधान सभेच्या निवडणुकीत ती ६ लाख ३० हजारांवर गेली, ६.६६ टक्के. जागा २४. राप्रपा नेपाल सभागृहातला चौथा पक्ष झाला. मूळ राप्रपा १३ वर राहिली.

हे कसं झालं, ते निवडणूक पद्धतीत दिसतं. नेपाळच्या मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात. एक मतदारसंघातल्या उमेदवारासाठी, दुसरी फक्त पक्षासाठी, जिच्यावरून प्रमाणशीर पद्धतीने जागा वाटल्या जातात. २०१३ मध्ये २४० जागा थेट होत्या आणि ३३५ प्रमाणशीर. राप्रपा नेपालच्या चोवीसच्या चोवीस जागा दुसऱ्या मतपत्रिकेतून आल्या. थेट जागा एकही नाही. उमेदवारांना मिळालेली मतं होती सुमारे अडीच लाख, आणि पक्षाच्या ‘गाय’ या चिन्हाला मिळालेली त्याच्या अडीचपट. म्हणजे साडेतीन-पावणेचार लाख लोकांनी आपल्या भागातलं मत दुसऱ्या कुणाला दिलं, आणि दुसरा शिक्का गायीवर मारला.

माझ्या मते ही मतं राजाची नव्हती, किंवा निदान आधी राजाची नव्हती. पहिली संविधान सभा चार वर्षं भांडून २०१२ च्या मे महिन्यात राज्यघटना न देताच विसर्जित झाली होती. धर्मनिरपेक्षता कुणी मागितली, कुणाला विचारली, हा प्रश्न तराईच्या सपाटीवर आणि पहाडात दोन्हीकडे लोक विचारत होते. ज्यांना ज्ञानेंद्रांबद्दल फारसं प्रेम नव्हतं त्यांनाही गायीवर शिक्का मारणं सोपं गेलं. थापांनी राजा आणि धर्म यांची मोट बांधली होती. त्यातलं वजन धर्माचं होतं, आणि नाव राजाचं.

दुसरीकडे प्रमाणशीर पद्धतीत निवडून कोण येणार हे पक्षाची यादी ठरवते, आणि यादी अध्यक्ष ठरवतात. या यादीतून सभागृहात गेलेल्यांत अध्यक्षांचे भाऊ, नेपाळच्या फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे प्रमुख गणेश थापाही होते. ज्या पक्षाला स्वतःचा एकही मतदारसंघ नाही, त्यात प्रत्येक खासदार अध्यक्षांच्या मर्जीचा असतो, आणि मर्जीत न बसलेला प्रत्येक कार्यकर्ता उद्याचा फुटीर असतो.

विरोधात मत, मग शपथ

सप्टेंबर २०१५. राज्यघटनेच्या मसुद्यावर कलमवार मतदान चालू होतं. नेपाळ हिंदू राष्ट्र असावं, ही राप्रपा नेपालची दुरुस्ती आवाजी मतदानाने पडली. थापांनी मतविभागणी मागितली. त्यासाठी ६१ सभासद उभे राहायला हवे होते. उभे राहिले २१. पक्षाचे स्वतःचे चोवीसहून कमी नव्हते, हे लक्षात घेतलं की आकडा आणखी केविलवाणा दिसतो. शेवटी संपूर्ण राज्यघटना ५०७ विरुद्ध २५ अशी मंजूर झाली. विरोधातली पंचवीस मतं राप्रपा नेपालची. तराईतल्या मधेशी पक्षांनी तर मतदानावरच बहिष्कार घातला होता.

हार पूर्ण नव्हती. धर्मनिरपेक्ष या शब्दाला चौथ्या कलमात स्पष्टीकरण जोडलं गेलं, की त्याचा अर्थ ‘सनातन’ काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचं संरक्षण आणि धार्मिक, सांस्कृतिक स्वातंत्र्य असा आहे. राष्ट्रीय प्राणी म्हणून गाय कायम राहिली. हे थापांमुळेच झालं असं नाही, पण त्या सहा लाख मतांकडे पाहून मोठ्या पक्षांनी शब्द सांभाळून वापरले, एवढं नक्की म्हणता येईल.

२० सप्टेंबरला राज्यघटना लागू झाली. तीन आठवड्यांनी, ऑक्टोबरात, एमालेचे पंतप्रधान के. पी. ओली यांच्या मंत्रिमंडळात कमल थापांनी त्याच राज्यघटनेची शपथ घेतली, उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री म्हणून. भारताच्या सीमेवर नाकेबंदी होती, गॅसचे सिलिंडर मिळत नव्हते, आणि दिल्लीशी बोलायला हिंदू राष्ट्रवाला माणूस बरा, असा ओलींचा हिशेब असावा. पुढच्या सरकारात, मार्च २०१७ मध्ये, याहून मजेदार खातं आलं. संघराज्य व्यवस्थेला कडाडून विरोध करणारे थापा संघीय कामकाज आणि स्थानिक विकास मंत्री झाले. हे खातं काढून कुणी गंमत केली असती तर तिला व्यंगचित्र म्हटलं असतं. एप्रिलच्या शेवटी सरकारी पक्षांनी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांच्यावर महाभियोग आणला तेव्हा थापांच्या पक्षाने पाठिंबा काढला. याच कार्की सप्टेंबर २०२५ मध्ये हंगामी पंतप्रधान झाल्या.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०१६ मध्ये, राप्रपा आणि राप्रपा नेपाल पुन्हा एक झाल्या. अध्यक्ष कमल थापा. दहा वर्षांपूर्वी ज्या गटाला राजाचा भाट म्हणून हिणवलं होतं, त्याचा अजेंडा मूळ पक्षाच्या घटनेत गेला: संवैधानिक राजसंस्था, हिंदू राष्ट्र. निवडणूक आयोगाने मार्च २०१७ मध्ये या दोन्ही गोष्टी पक्षाच्या घटनेतून काढून टाकल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. पण अजेंडा आता मुख्य पक्षाचा झाला होता. फुटीर गट जिंकला होता.

दोन पूर्णांक नव्याण्णव

जिंकल्यावर ही एकी नऊ महिने टिकली. आधी पक्षातले एक नेते प्रकाशचंद्र लोहनी वेगळे झाले, मग ऑगस्ट २०१७ मध्ये पशुपती शमशेर आणि चंद यांनी राप्रपा (प्रजातांत्रिक) काढली. निवडणूक तोंडावर होती आणि नियम बदलले होते. आता प्रमाणशीर जागा हव्या असतील तर किमान ३ टक्के मतं लागत होती.

थापांच्या राप्रपाला २.०६ टक्के मिळाली. राणांच्या राप्रपाला ०.९३. बेरीज २.९९.

मला या प्रकरणातला सगळ्यात बोलका आकडा हाच वाटतो. दोन्ही गट प्रमाणशीर यादीतून शून्य. अर्थात बेरीजही उंबरठ्याच्या केसभर खालीच राहते, तेव्हा एकत्र लढले असते तर नक्की आत गेले असते असं गणिताने सिद्ध होत नाही. पण एकत्र लढणारा पक्ष लोहनींची आणि वैतागून घरी बसलेल्यांची मतं घेऊन आला असता, त्याला तीनचा आकडा जड नव्हता. चार वर्षांपूर्वी सभागृहात मिळून ३७ जागा असलेल्या या कुळाचा एकच माणूस निवडून आला: झापा-३ मधून राजेंद्र लिंगदेन, तेही स्थानिक पातळीवर एमालेची मदत घेऊन. त्यांनी हरवलं कृष्णप्रसाद सिटौलांना. २००८ च्या जूनमध्ये ज्ञानेंद्र नारायणहिटी राजवाडा सोडून गेले तेव्हा गृहमंत्री असलेले काँग्रेसचे सिटौला ते हेच. राजनिष्ठांना याहून गोड विजय मागूनही मिळाला नसता, आणि तो मिळाला कम्युनिस्टांच्या मतांवर.

अध्यक्ष थापा सभागृहाबाहेर, लिंगदेन आत. पुढची पटकथा इथेच लिहिली गेली. २०२० च्या मार्चमध्ये सगळे गट पुन्हा एकत्र आले, तीन-तीन अध्यक्ष नेमून. डिसेंबर २०२१ च्या महाअधिवेशनात लिंगदेन यांनी थापांना १,८४४ विरुद्ध १,६१७ अशा मतांनी हरवलं. थापांनी दोष दिला तो निर्मल निवासाला, म्हणजे ज्ञानेंद्रांच्या घराला. ज्याच्यासाठी २००८ मध्ये चार मतं टाकली, त्यानेच आपल्याला पाडलं, अशी ही जाहीर तक्रार. खरं-खोटं बाहेरच्याला ठरवता येणार नाही. पण राजाच्या नावावर पक्ष चालवणाऱ्याची अडचण यातून दिसते: राजा तुमचा असतो, पण तो फक्त तुमचाच आहे असं तुम्हाला त्याच्याकडून लिहून घेता येत नाही.

मग २०२२ च्या सुरुवातीला थापांनी जुनं नाव पुन्हा बाहेर काढलं, राप्रपा नेपाल. आणि इथे त्यांचा २००६ चा हिशेब उलटा फिरला. तेव्हा मैदान मोकळं होतं म्हणून फूट फळली. आता त्याच मैदानात त्यांच्याच हाताने उभा केलेला मोठा पक्ष होता, नांगर चिन्ह घेऊन, राजा आणि हिंदू राष्ट्र दोन्ही मागत. राप्रपाला १४ जागा मिळाल्या, सात थेट आणि सात प्रमाणशीर, मतं साडेपाच टक्क्यांवर. राप्रपा नेपालकडे वेगळं सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून सूर्य.

१९९० पासूनच्या फुटी मोजल्या तर राजा हे खरं कारण फक्त एकदा होतं, २००६ मध्ये. आणि तीच एक फूट मतदाराने पुढे मनावर घेतली. बाकीच्या खुर्चीच्या होत्या, आणि १९९९ चा शून्य किंवा २०१७ चा २.९९ पाहिला की मतदाराने त्या ओळखल्या असं म्हणायला जागा आहे.

रस्त्यावर

९ मार्च २०२५ ला ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूच्या विमानतळावर उतरले आणि हजारो लोक ‘राजा आऊ, देश बचाऊ’ म्हणत स्वागताला आले. २८ मार्चला काठमांडूच्या तीनकुने भागातल्या सभेचा दंगा झाला, एका पत्रकारासह दोघांचा जीव गेला, राप्रपाच्या रवींद्र मिश्र आणि धवल शमशेर राणा यांना अटक झाली. आंदोलनाचं निमंत्रकपद नवराज सुवेदी या पंचायत काळातल्या वयोवृद्ध नेत्याकडे होतं. पक्षांच्या पुढाऱ्यांकडे ते दिलं गेलं नव्हतं, ही गोष्ट बरंच काही सांगते. मेच्या शेवटी प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला दोन्ही राप्रपा पुन्हा रस्त्यावर दिसू लागल्या, एकाच घोषणेखाली.

जूनच्या सुरुवातीला पंतप्रधानांच्या बालुवाटारमधल्या निवासस्थानाकडे निघालेला एक मोर्चा पोलिसांनी अडवला. निषिद्ध क्षेत्रात शिरले म्हणून काही जणांना गाडीत घातलं. त्यांत कमल थापा होते, एप्रिल २००६ च्या संचारबंदीतले गृहमंत्री.